छत्तीस फ्रेमचे शहर

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवे शहर आखायला सुरुवात झाली. १९७२मध्ये कोडॅकने रंगीत निगेटिव्ह धुण्याची सी-४१ ही पद्धत आणली आणि पुढे जगभरच्या लॅबनी तीच स्वीकारली. १९७३मध्ये ठाणे खाडीवरचा पहिला वाशी पूल वाहतुकीला खुला झाला. या तीन तारखा शेजारी ठेवल्या की एक गोष्ट लक्षात येते: नवी मुंबई आणि आज वापरात असलेली रंगीत फिल्म एकाच वयाच्या आहेत. मिठागरे आणि भातखाचरे मागे हटून उठलेली वाशीची पहिली सेक्टरे, बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी आखलेले आर्टिस्ट व्हिलेज, मे १९९२मध्ये मानखुर्दहून खाडी ओलांडून वाशीला आलेली लोकल. या शहराची पहिली तीसेक वर्षे ज्यांनी टिपली त्यांनी ती फिल्मवरच टिपली. मोबाइलमध्ये कॅमेरा आला तेव्हा शहर चांगले थोराड झाले होते.

म्हणून नेरुळ, सीवूड्स, खारघरच्या फ्लॅटमधून आज जी मंडळी पुन्हा कॅमेऱ्यात रोल भरू लागली आहेत, त्यांच्या छंदाला या शहरात एक जादा अर्थ आहे. रोल निवडणे, तो उन्हात-पावसात वापरणे, न्हाणीघरात धुणे, स्कॅन करणे, जुने कॅमेरे घेणे-विकणे हे सगळे करता करता त्यांना निगेटिव्ह वाचता येऊ लागते. आणि शहराचे बालपण अजून बऱ्याच अंशी निगेटिव्हमध्येच आहे, गिरगाव-परळहून इकडे राहायला आलेल्या कुटुंबांच्या कपाटांत आणि कोपरखैरणे, करावे, दिवाळे अशा मूळ गावांतल्या घरांच्या ट्रंकांत.

मुंबई परिसराला या छंदाची परंपरा जुनी आहे. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४मध्ये सुरू झाली. फोटोग्राफीचा शोध जगापुढे येऊन तेव्हा जेमतेम पंधरा वर्षे झाली होती. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी एक. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला आणि त्यातून शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण मुंबईच्या पहिल्या भारतीय व्यावसायिक छायाचित्रकारांत गणले जातात. बॅलार्ड इस्टेटमधला हॅमिल्टन स्टुडिओ १९२८चा. तिथे पिढ्यान्‌पिढ्यांच्या निगेटिव्ह जपून ठेवल्या गेल्या, हे त्या स्टुडिओचे मोठे काम.

सर्वसामान्य मराठी घरात मात्र कॅमेरा शिरला तो बराच उशिरा, आणि बहुतेकदा आगफा क्लिक थ्रीच्या रूपात. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला हा साधा, खोकेवजा कॅमेरा. त्यात १२० क्रमांकाचा रोल पडायचा आणि बारा चौकोनी फोटो निघायचे. मग पस्तीस मिलिमीटरचा जमाना आला. गल्फहून कुणी आणलेला याशिका, पुढे कोडॅकचा केबी-१०, आणि छत्तीसचा रोल. हात सफाईदार असेल तर त्यातून सदतिसावा फोटोही निघायचा. रोल पूर्ण संपल्याशिवाय धुवायला टाकायचा नाही हा घरोघरचा नियम होता. त्यामुळे एकाच रोलवर गणपती, दिवाळी आणि मे महिन्यातले कोकण सलग सापडते. या काटकसरीचा उपयोग किती मोठा आहे ते स्कॅनिंगच्या वेळी कळते.

तेव्हा फिल्म देशातही बनत असे. सरकारी मालकीची हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही कंपनी १९६०मध्ये उटीला स्थापन झाली आणि तिची ‘इंदू’ ही कृष्णधवल फिल्म वर्तमानपत्रांच्या छायाचित्रकारांपासून हौशी मंडळींपर्यंत सगळे वापरत. तो कारखाना आता बंद आहे. आज भारतात वापरला जाणारा प्रत्येक रोल बाहेरून येतो: रंगीत बहुतांशी अमेरिकेतल्या कोडॅकचा, कृष्णधवल प्रामुख्याने इंग्लंडमधल्या हार्मन कंपनीचा, म्हणजे इलफर्ड आणि केंटमीअर या नावांनी. रोल, धुलाई आणि स्कॅनिंग असा हिशेब केला तर छत्तीस फ्रेमचा खर्च दीड-दोन हजारांच्या घरात सहज जातो. विद्यार्थ्याला हे परवडणारे नाही, आणि या छंदाची सगळ्यात खरी अडचण तीच आहे.

त्यावर लोकांनी वाटा काढल्या आहेत. कृष्णधवल फिल्म शंभर फुटांच्या मोठ्या गुंडाळीत विकत मिळते. ती अंधारात लोडरमध्ये घालून रिकाम्या डब्यांत भरली की छत्तीस फ्रेमचे अठराएक रोल होतात. दुसरी वाट सिनेमाची. चित्रपटांसाठी बनणारी कोडॅकची व्हिजन-थ्री फिल्म पस्तीस मिलिमीटरचीच असते, तीही छोट्या डब्यांत भरून वापरतात. या फिल्मच्या पाठीवर वर्षानुवर्षे काजळीसारखा काळा थर असे. तो न काढता ती नेहमीच्या लॅबमध्ये टाकली तर तो थर सुटून लॅबचे रसायन आणि शेजारचे रोल दोन्ही खराब होतात. घरी धुणारे खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात तो थर सोडवतात. सिनेमाचा रोल लॅबमध्ये देताना काउंटरवर तसे स्पष्ट सांगणे ही साधी माणुसकी आहे. तिसरी वाट अर्ध्या फ्रेमच्या कॅमेऱ्याची. जुना ऑलिंपस पेन किंवा २०२४मध्ये बाजारात आलेला पेंटॅक्स १७ एका रोलवर बहात्तर फोटो देतो. इतक्या वर्षांनी एखाद्या मोठ्या जपानी कंपनीने नवा फिल्म कॅमेरा काढावा, यातच फिल्मचा श्वास अजून चालू असल्याची खूण आहे.

नवी मुंबईत फिल्म वापरणाऱ्याचा पहिला सामना इथल्या हवेशी होतो. ऑक्टोबर ते मे ऊन इतके भरपूर असते की मीटर बिघडलेला कॅमेराही चालतो. भर दुपारी छिद्र एफ १६वर ठेवायचे आणि शटरचा वेग फिल्मच्या आयएसओच्या जवळचा घ्यायचा, म्हणजे २०० आयएसओला सेकंदाचा २५०वा भाग. हा जुना आडाखा पाम बीच रोडवर तंतोतंत लागू पडतो. जूनमध्ये गणित पालटते. दाट ढगांखाली तीन टप्पे जास्त प्रकाश द्यावा लागतो, म्हणून पावसाळ्यात ४०० आयएसओचा रोल हवा. इलफर्डचा एचपी-५ किंवा कोडॅकचा ट्राय-एक्स या ऋतूत खारघरच्या डोंगरावरून उतरणाऱ्या धुक्याला फार छान न्याय देतो. रंगीत निगेटिव्हला थोडा जास्त प्रकाश दिलेला चालतो, कमी दिलेला चालत नाही. सावल्या मातकट होतात. स्लाइड फिल्मचे बरोबर उलटे.

रोहित पक्षी हा इथला सगळ्यांचा लाडका विषय. हिवाळ्यात सीवूड्सच्या पाणथळींवर आणि ठाणे खाडीत ते उतरतात तेव्हा काठावर लांबलचक डिजिटल लेन्सांची रांग लागते. पन्नास मिलिमीटरची लेन्स घेऊन तिथे उभ्या असलेल्या फिल्मवाल्याला पक्षी ठिपक्याएवढेच मिळतात. पण त्याच्या फ्रेममध्ये पक्ष्यांच्या मागचे टॉवर, कांदळवन, भरतीची रेघ आणि बांधावर बसलेला कोळी येतो. पन्नास वर्षांनी या पाणथळी कुठवर होत्या हे कुणाला पाहायचे असेल, तर पिसांच्या जवळून घेतलेल्या फोटोपेक्षा हा फोटो जास्त उपयोगी पडेल.

दमटपणा हा दुसरा वैरी. रोल फ्रिजमध्ये ठेवावेत, पण बाहेर काढल्यावर तास-दोन तास डबी उघडू नये, नाहीतर थंड फिल्मवर बाष्प धरते. आता विमानतळही दाराशी आला आहे. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. हातातल्या सामानासाठी जगभरच्या विमानतळांवर जी नवी सीटी पद्धतीची तपासणी यंत्रे येत आहेत, ती कोणत्याही वेगाच्या न धुतलेल्या फिल्मवर धुके आणू शकतात. रोल पारदर्शक पिशवीत वेगळे ठेवून हाताने तपासण्याची विनंती करावी. चेक-इनच्या बॅगेत तर रोल कधीच टाकू नयेत, तिथले किरण आणखी तीव्र असतात.

रोल घरी धुण्याची गोष्ट वाटते तितकी अवघड नाही. कृष्णधवलसाठी प्रकाश न शिरणारी टाकी, रील, अंधाराची पिशवी, थर्मामीटर, डेव्हलपर आणि फिक्सर एवढे पुरते. जुने लोक फिक्सरला अजून हायपोच म्हणतात. १९२७ पासून वापरात असलेला डी-७६ हा डेव्हलपर एकास एक पाण्यात मिसळला तर एचपी-५ला २० अंश सेल्सिअसला ११ मिनिटे लागतात. गोची या २० अंशांत आहे. एप्रिल-मेमध्ये नवी मुंबईच्या नळाचे पाणी सहज ३० अंशांवर असते, म्हणून बादलीत बर्फ टाकून रसायन थंड करावे लागते. तेही जमत नसेल तर २४ अंशांवर आठेक मिनिटांत काम उरकतात. त्याहून वर गेले की वेळ इतका कमी होतो की फिल्म सगळीकडे सारखी धुतली जात नाही. रंगीत फिल्मला मात्र हीच हवा मानवते. सी-४१चा डेव्हलपर ३८ अंशांवर सव्वातीन मिनिटे लागतो, आणि आंघोळीच्या गरम पाण्याच्या बादलीत बाटल्या बुडवून ठेवल्या तर कोकणपट्टीत ते तापमान राखायला पुणे-नाशिकच्या थंडीइतके कष्ट पडत नाहीत.

खरा घाम निघतो तो त्याआधी, अंधाराच्या पिशवीत रीलवर फिल्म चढवताना. पावसाळ्यात हात ओले होतात, पिशवीत वाफ धरते आणि फिल्म प्लॅस्टिकच्या रीलला अर्ध्यातच चिकटते. रील आदल्या रात्रीपासून पूर्ण कोरडी ठेवणे आणि हे काम रात्री, दिवे घालवलेल्या कोरड्या खोलीत करणे, हा त्यावरचा इलाज. शेवटची खंगाळणी डिस्टिल्ड वॉटरची करावी, म्हणजे वाळल्यावर पांढरे डाग राहत नाहीत. फिल्म वाळत घालायला न्हाणीघरच उत्तम, कारण घरात सगळ्यात कमी धूळ तिथे असते. वापरलेल्या फिक्सरमध्ये फिल्मवरची चांदी उतरलेली असते. पूर्वी लॅब आणि एक्स-रेवाले तो साठवून चांदी काढणाऱ्यांना देत. घरगुती फिक्सरही मोरीत ओतण्याऐवजी कॅनमध्ये साठवून एखाद्या लॅबला द्यावा. ज्या खाडीचे फोटो काढायचे तिच्यातच चांदीचे क्षार सोडणे बरे नव्हे.

धुतलेली निगेटिव्ह हातात आली की निम्मे काम झाले. उरलेले निम्मे स्कॅनिंगचे, आणि फोटो कसा दिसणार हे बऱ्याच अंशी तिथेच ठरते. लॅबमध्ये नोरित्सु किंवा फुजी फ्रंटियरची यंत्रे असतात. वेगवान आणि गुणी, पण रंगांचा निर्णय यंत्र चालवणारा माणूस घेतो. एकच निगेटिव्ह दोन लॅबनी स्कॅन केली तर त्वचेचा रंग दोन तऱ्हांचा येतो. फिल्मचा म्हणून वाखाणला जाणारा रंग कित्येकदा त्या ऑपरेटरच्या नजरेचा असतो, आणि त्याचे श्रेय त्याला क्वचितच मिळते.

घरी स्कॅन करायचे तर दोन रस्ते. एप्सनच्या व्ही-६०० किंवा व्ही-८५० सारखा फ्लॅटबेड स्कॅनर, किंवा हाती असलेला डिजिटल कॅमेरा, मॅक्रो लेन्स आणि चांगल्या प्रतीचे प्रकाशाचे पॅनेल. पस्तीस मिलिमीटरची फ्रेम २४ बाय ३६ मिलिमीटरची असते. ती २४०० डीपीआयला स्कॅन केली तर साधारण पावणेआठ मेगापिक्सेलची फाइल मिळते, पोस्टकार्ड आकाराच्या प्रिंटला पुरून उरेल इतकी. क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्याची चौकोनी निगेटिव्ह बाजूला ५६ मिलिमीटर, म्हणजे त्याच सेटिंगला २८ मेगापिक्सेल. आजोबांच्या साध्या कॅमेऱ्याच्या निगेटिव्हमधून भिंतीवर लावण्याजोगा फोटो निघतो तो या क्षेत्रफळामुळे, मग लेन्स कितीही मामुली असो.

कॅमेऱ्याने स्कॅन करणाऱ्याने दोन गोष्टी आधी जमवाव्यात. एक, कॅमेरा आणि फिल्म पूर्ण समांतर हव्यात. फिल्मच्या जागी लहान आरसा ठेवून व्ह्यूफाइंडरमध्ये लेन्सचे प्रतिबिंब बरोबर मध्यभागी येईपर्यंत कॅमेरा हलवायचा, की काम झाले. दोन, फिल्मच्या भोवतालचा उघडा प्रकाश काळ्या कागदाने झाकायचा, नाहीतर सावल्या पांढुरक्या होतात. रंगीत निगेटिव्हवरची नारिंगी झाक काढून रंग उलटे करायला निगेटिव्ह लॅब प्रो हे सशुल्क सॉफ्टवेअर लोकप्रिय आहे. फुकटात हवे तर डार्कटेबलमधले निगाडॉक्टर उत्तम काम करते. स्कॅनरमधली इन्फ्रारेड धूळसफाई रंगीत फिल्मवर जादू करते. कृष्णधवलवर ती बंद ठेवावी, कारण चांदीचे कण इन्फ्रारेडला अडवतात आणि यंत्राला अख्खे चित्रच धूळ वाटू लागते.

आता त्या काटकसरीच्या रोलकडे यायला हवे. अल्बममधले फोटो कुणी ना कुणी काढून, वाटून, पुन्हा लावून विस्कटलेले असतात. पट्टीवरच्या फ्रेमचा क्रम कुणाला बदलता येत नाही. काठावर फ्रेमचे आकडे छापलेले असतात, त्यामुळे ११व्या फ्रेमवर गणपती आणि १९व्यावर दिवाळीचा कंदील असेल तर मधल्या फ्रेममधले अर्धवट बांधलेले रेल्वे स्टेशन कोणत्या दोन महिन्यांतले हे कळते. काठावर फिल्मचे नावही असते. कोडॅक गोल्ड हे नाव १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धातले, तेव्हा ते दिसले की फोटो त्याआधीचा असूच शकत नाही. म्हणून निगेटिव्ह स्कॅन करताना फक्त चांगले फोटो निवडू नयेत. पट्टी पूर्ण, काठासकट, एकदा तरी प्रकाशाच्या पॅनेलवर ठेवून टिपावी. मुले रांगेत उभी आहेत आणि मागे मोकळे मैदान आहे, असा कंटाळवाणा फोटो या शहरात सोन्याच्या मोलाचा ठरू शकतो, कारण ते मैदान आज कुठल्या सेक्टरमध्ये आहे हे सांगणारी माणसे अजून हयात आहेत. त्यांना विचारायची वेळ हीच.

निगेटिव्हला मुदत असते हे घरोघरी माहीत नाही. ॲसिटेटवरची जुनी फिल्म दमट, बंद जागेत कुजू लागते आणि तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. एक पट्टी बिघडली की तिची वाफ शेजारच्यांनाही बिघडवते, म्हणून वास येणारी पट्टी लगेच वेगळी करून सगळ्यात आधी स्कॅन करावी. रंगीत फिल्मचे रंग आपोआप उतरत जातात. कृष्णधवलवर प्रतिमा चांदीची असल्याने ती नीट धुतली असेल तर फार टिकते. लॅबच्या बटर पेपरच्या पाकिटांतून पट्ट्या काढून पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिस्टरच्या कप्प्यांत ठेवाव्यात, पीव्हीसीच्या अल्बममध्ये कदापि नाही. बुरशी दिसली तर पाण्याने पुसायला जाऊ नये. बुरशीने मऊ केलेला थर चित्रासकट निघून येतो. आणि रोल धुवायला देताना निगेटिव्ह परत हव्यात हे लॅबला बजावावे. स्कॅन ईमेलने आले की निगेटिव्ह न्यायला कुणी फिरकत नाही आणि काही महिन्यांनी त्या कचऱ्यात जातात, हे आजच्या पिढीचे चालू असलेले नुकसान आहे. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांच्या आयुष्यावर केलेले कृष्णधवल काम असो की गौतम राजाध्यक्ष यांनी टिपलेले कलावंतांचे चेहरे, फिल्मच्या काळातल्या अशा कामाकडे पुन्हा पुन्हा परतता येते ते मूळ निगेटिव्ह शिल्लक राहिल्या तर.

देवघेवीचा बाजार हा या छंदाचा सगळ्यात गजबजलेला भाग. सीएसएमटीसमोरचा बोरा बाजार, चोर बाजारातली मटन स्ट्रीट आणि आता फोनवरचे गट, इथे जुने कॅमेरे हात बदलत राहतात. नवी मुंबईतले बरेचसे सौदे स्टेशनाबाहेर होतात: विकणारा पनवेलहून येतो, घेणारा ठाण्याहून, आणि वाशी दोघांना मधले पडते. संग्राहकांचीही इथे कमी नाही. मुंबईच्या दिलीश पारेख यांच्या ४,४२५ कॅमेऱ्यांची नोंद गिनीज बुकात झाली आहे. पण बहुतेक जण वापरण्यासाठीच घेतात, आणि वापरण्याचा कॅमेरा पारखायची पद्धत शोकेसच्या कॅमेऱ्याहून वेगळी.

आधी मागचे झाकण उघडून एक सेकंदाचा वेग लावावा आणि शटर मारावे. जुन्या यंत्राचे वंगण सुकले की सगळ्यात आधी हाच वेग अडखळतो. मग छिद्र पूर्ण उघडून लेन्समधून मोबाइलची बॅटरी मारावी: कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर फंगस, सरसकट दुधट दिसले तर हेझ. कडेला थोडा फंगस असेल तर फोटोवर फारसा परिणाम होत नाही, पण किंमत उतरायला हवी आणि ती लेन्स बाकीच्यांपासून लांब ठेवायला हवी. झाकणाच्या खाचेतला काळा फोम बोटाला चिकटला तर लाइट सील बदलावे लागतील. हे काम स्वस्त आहे आणि घरी जमते. बॅटरीच्या कप्प्यात हिरवा-पांढरा क्षार असेल तर मीटरच्या भरवशावर पैसे देऊ नयेत.

प्रत्येक मॉडेलची आपली खोड असते. याशिका इलेक्ट्रो ३५मध्ये रोल पुढे सरकवताना ‘टक्’ असा आवाज यायला हवा. तो नसेल तर आतली रबराची गादी विरघळली आहे. कॅनन एई-१चे शटर मारताना कण्हल्यासारखा आवाज आला तर आतल्या यंत्रणेला वंगण हवे. जुन्या कितीतरी मॉडेलना पाऱ्याची १.३५ व्होल्टची बॅटरी लागे. ती आता बनत नाही, म्हणून श्रवणयंत्राची झिंक-एअर बॅटरी रिंग लावून बसवतात. निकॉनचा एफएम-२ आणि पेंटॅक्सचा के-१००० बॅटरीशिवायही फोटो काढतात, बॅटरी फक्त मीटरला लागते. नव्याने सुरुवात करणाऱ्याला अनुभवी लोक हे दोन सुचवतात ते म्हणूनच. दिसायला देखणा पण पूर्ण इलेक्ट्रॉनिक कॉम्पॅक्ट कॅमेरा बंद पडला की सुटा भाग मिळत नाही. गंमत म्हणून घ्यावा, भरवसा ठेवू नये.

या बाजारात सगळ्यात दुर्मीळ आहे तो कॅमेरा दुरुस्त करणारा माणूस. यांत्रिक शटर उघडून, साफ करून, वंगण देऊन पुन्हा जुळवणारे कारागीर मुंबई परिसरात थोडे उरले आहेत, आणि त्यांच्या हाताखाली शिकणारे त्याहून थोडे. दुरुस्तीचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. कॅमेऱ्याच्या किमतीत दुरुस्तीचा खर्च धरूनच सौदा करावा. विकणाऱ्यानेही दोष लपवू नये: कोणता वेग अडखळतो, मीटर किती टप्पे चुकते, शेवटचा रोल कधी घातला होता, एवढे सांगितले की माल योग्य किमतीत जातो आणि दोघेही पुन्हा एकमेकांशी व्यवहार करतात.

वाड्यातून, जुन्या ब्लॉकमधून आलेल्या कॅमेऱ्याचे झाकण मात्र एकदम उघडू नये. रिवाइंडची कळ हलकेच उलटी फिरवून पाहावी. ताण जाणवला तर आत कुणाचा तरी रोल अजून आहे. तो तसाच डबीत गुंडाळून घ्यावा आणि आधी नाव वाचावे. सी-४१ असेल तर रंग फिके, धुरकट का होईना निघू शकतात. १९७२च्या आधीची सी-२२ पद्धतीची कोडॅक फिल्म किंवा भारतात एके काळी भरपूर वापरली गेलेली पूर्व जर्मनीची ओर्वो रंगीत फिल्म नेहमीच्या लॅबच्या रसायनात टाकू नये; ती कृष्णधवल म्हणून धुतात. कोडाक्रोमचेही तसेच. त्या फिल्मचा तयार झालेला शेवटचा रोल स्टीव्ह मकरी यांनी २०१०मध्ये वापरला, त्यातल्या काही फ्रेम मुंबईतल्या चित्रपट कलावंतांच्या आहेत. त्याच वर्षअखेर अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या शेवटच्या लॅबने ती धुणे थांबवले. असा जुना रोल एचसी-११०सारख्या धुके कमी धरणाऱ्या डेव्हलपरमध्ये, थोड्या थंड तापमानाला धुतात आणि आधी दोन-चार फ्रेमचा तुकडा कापून वेळ ठरवतात. जे काही निघेल त्याचे स्कॅन आणि ती पट्टीही कॅमेरा विकणाऱ्या कुटुंबाला परत द्यायची असा या छंदातल्या जाणत्यांचा रिवाज आहे, आणि सौद्याच्या वेळीच त्यांचा फोन नंबर घेऊन ठेवला तर पुढे शोधाशोध करावी लागत नाही.